लपवणे वेगळे, जपणे वेगळे



मोबाइल जपून वापरा असे कोणाला सांगायला गेले की पेणपासून रोह्यापर्यंत एक उत्तर हमखास मिळते. "फादर, आमच्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय? ना पैसा, ना गुपित. कोणी बघितले तर बघू देत." असे म्हणणारी माणसे बहुधा सरळमार्गी असतात. ज्यांचे हिशेब खरोखर काळे आहेत ते असे बोलत नाहीत. त्यांनी आपले कागद आधीच नीट झाकून ठेवलेले असतात. म्हणून या उत्तरामागचा प्रामाणिकपणा आम्हांला मोलाचा वाटतो. तरीही हे उत्तर चुकीचे आहे असे आमचे मत आहे, आणि ते का चुकीचे आहे याचा विचार या रविवारी आपण मिळून करू या.

खरे तर प्रश्न दोन आहेत. पहिला प्रश्न : स्वतःची खासगी माहिती जपणे हा सद्गुण आहे, की मनाच्या मोकळेपणातली ती एक उणीव आहे? दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे : ज्या माणसांना आपण आयुष्यभर शेजाऱ्यावर विश्वास ठेवायला शिकवले, त्यांना आता "कोणालाही काही सांगू नका" असे शिकवताना आपण त्यांच्याकडून काही हिरावून तर घेत नाही ना?

उघडे काय, झाकलेले काय

मराठीत दोन शब्द आहेत : लपवणे आणि जपणे. ऐकायला ते जवळचे वाटतात, पण त्यांच्यात मोठे अंतर आहे. लपवतो तो, ज्याला हिशेब द्यायचा नसतो. जपतो तो, ज्याच्याकडे काहीतरी सोपवलेले असते. शेतकरी पुढच्या हंगामाचे बियाणे कणगीत झाकून ठेवतो, ते चोरीचे आहे म्हणून नव्हे. आई मुलीचे दुखणे चारचौघांत सांगत नाही, ते लाजिरवाणे आहे म्हणून नव्हे. ते मुलीचे आहे. कोणाला सांगायचे आणि कोणाला नाही हे मुलीने ठरवायचे आहे.

सगळेच झाकून ठेवावे असाही याचा अर्थ नाही. जमिनीचा सातबारा कोणालाही पाहता येतो. मतदारयादी सर्वांसमोर असते. ग्रामपंचायतीचा जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवावा लागतो. या गोष्टी उघड्या असल्या तरच गावात न्याय राहतो. ख्रिस्तसभेतही तसेच आहे. लग्न ठरले की वधूवरांची नावे मंदिरात जाहीर करण्याची रीत आहे, कारण त्यात काही अडचण असेल तर ती वेळीच समजायला हवी. पण त्याच मंदिरात, त्याच भिंतींच्या आत, प्रायश्चित्त संस्कारात सांगितलेला एक शब्दही धर्मगुरूला कधी, कोणत्याही कारणासाठी बाहेर काढता येत नाही. १९८३ सालच्या ख्रिस्तसभेच्या कायद्यातले ९८३ वे कलम हे बंधन घालते, आणि त्याला अपवाद नाही.

एकाच छपराखाली एक गोष्ट मोठ्याने जाहीर होते आणि दुसरी मरेपर्यंत ओठांआड राहते. यात विसंगती नाही. काही गोष्टी न्यायासाठी उघड्या असाव्या लागतात आणि काही गोष्टी माणसाच्या मानासाठी झाकलेल्या असाव्या लागतात. कोणती गोष्ट कोठे बसते हे ओळखणे म्हणजेच शहाणपण. त्याच कायद्याचे २२० वे कलम आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. कोणाच्या चांगल्या नावाला अन्यायाने धक्का लावू नये आणि कोणाचा खासगीपणाचा हक्क मोडू नये, असे ते सांगते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ सालीच माणसाच्या हक्कांच्या यादीत अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण, काम यांच्याबरोबर खासगी जीवनाचे रक्षण हाही हक्क घातला होता. तेव्हा मोबाइल नव्हता. म्हणजे हा प्रश्न यंत्राबरोबर आलेला नाही; यंत्राने तो फक्त आपल्या खिशात आणून ठेवला आहे.

माणसाला आतली खोली का लागते?

तत्त्वज्ञान शिकवताना बेंथम या इंग्रज विचारवंताचा एक तुरुंग नेहमी सांगतात. १७९१ साली त्याने त्याचा आराखडा छापला. मधोमध एक मनोरा, भोवती गोलाकार कोठड्या. मनोऱ्यातल्या पहारेकऱ्याला प्रत्येक कैदी दिसतो, पण कैद्याला पहारेकरी दिसत नाही. तो या क्षणी आपल्याकडे पाहतो आहे की नाही हे कैद्याला कधीच कळत नाही. म्हणून तो सतत पाहिला जात असल्यासारखाच वागतो. बेंथमला ही सुधारणा वाटली. पण असा माणूस चांगला होतो काय? तो चांगला दिसायला शिकतो, एवढेच. चांगुलपणासाठी आत एक जागा लागते, जेथे माणूस एकटा असतो, चुकतो, विचार करतो, पश्चात्ताप करतो आणि पुन्हा उभा राहतो. त्या जागेला आपण विवेक म्हणतो. सतत कोणाच्या तरी डोळ्यांसमोर राहणाऱ्याचा विवेक वाढत नाही. त्याची फक्त भीती वाढते.

कोणी म्हणेल, गावात तरी कोठे काय झाकलेले असते? कोणाच्या चुलीवर काय शिजते हे आळीतल्या सगळ्यांना माहीत असते. खरे आहे. पण गावाच्या माहितीत एक देवाणघेवाण असते. तो माझे पाहतो, मी त्याचे पाहतो. तो मला लहानपणापासून ओळखतो, म्हणून माझ्या एका चुकीवरून माझे अख्खे आयुष्य मोजत नाही. शिवाय गाव विसरते. चार पावसाळे गेले की जुने भांडण वाहून जाते. मोबाइलच्या पलीकडे बसलेला माणूस आपल्याला दिसत नाही, तो आपल्याला ओळखत नाही, आणि त्याच्याकडे गेलेला तुकडा तो विसरत नाही. आपला नंबर एकाकडे, जन्मतारीख दुसऱ्याकडे, आधारची प्रत तिसऱ्याकडे, बँकेचे नाव चौथ्याकडे. हे तुकडे जोडून तो आपले एक चित्र तयार करतो आणि मग फोन करून आपल्याशी अशा ओळखीने बोलतो की आपल्याला वाटावे, हा बँकेतलाच असणार. लपवण्यासारखे काही नसलेला माणूस या फोनला सर्वांत आधी फसतो, कारण त्याने कोणत्याच तुकड्याला मोल दिलेले नसते.

गरिबाला खासगीपण कशाला?

हा प्रश्न आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयातही गेला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, आधार योजनेविरुद्ध अर्ज केला. त्या वादात सरकारची बाजू अशी होती की खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही. खासगीपणा हे सुखवस्तू लोकांचे खूळ आहे, गरिबाला पोटाची चिंता असते, असाही युक्तिवाद त्या खटल्यात पुढे आला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी ९ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जीवन आणि स्वातंत्र्य यांच्या हक्काचा भाग आहे. त्या ९ जणांत नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते आणि महाराष्ट्रातलेच न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. गरिबाला फक्त पोट असते, मान नसतो, हा विचार चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात स्पष्टपणे नाकारला. त्याच निकालपत्रात त्यांनी १९७६ सालचा आणीबाणीतला निकाल चुकीचा ठरवला. त्या जुन्या निकालात सहभागी असलेल्या न्यायमूर्तींपैकी एक त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते.

पुट्टस्वामी २०२४ साली, ९८ व्या वर्षी वारले. "आमचे वय झाले, आम्हांला हे नवे काही कळत नाही" असे म्हणणाऱ्या आपल्या ज्येष्ठांनी त्यांची आठवण ठेवावी. मोबाइलची बटणे न कळणे वेगळे आणि मान म्हणजे काय हे न कळणे वेगळे. मान म्हणजे काय हे ज्येष्ठांना आपल्यापेक्षा जास्त कळते.

कोरा कागद आणि अंगठा

आता आपल्या दारात येऊ. २०२४ सालच्या जुलैत राज्यभर स्त्रियांच्या रांगा लागल्या. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेत महिन्याला १५०० रुपये मिळणार होते आणि अर्ज भरायचे होते. ज्या घरात १५०० रुपयांत महिन्याचे तेल-साखर-औषध बसते त्या घराला ही रक्कम लहान नाही. पिशवीत आधार, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक घेऊन बाया अंगणवाडीत, सेतू केंद्रात, झेरॉक्सच्या दुकानात, कोणा ओळखीच्या मुलाकडे गेल्या. बहुतेकांनी त्यांना चांगुलपणाने मदत केली. पण त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात, दुसऱ्या स्त्रियांचे आधार क्रमांक वापरून एकाच घरातून अनेक अर्ज भरल्याच्या आरोपावरून गुन्हा नोंदला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच योजनेसाठी ई-केवायसी आली. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येणार, तो भरायचा. शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरचाही ओटीपी भरायचा. लगोलग बनावट संकेतस्थळांबद्दलचे इशारे वर्तमानपत्रांत येऊ लागले.

ओटीपी म्हणजे काय हे आपण नीट समजून घेऊ. तो नुसता आकडा नाही. ती आपली सही आहे, आणि ती एकदाच, एका कामासाठी चालते. समोरचा माणूस जेव्हा "मावशी, आलेला नंबर सांगा" म्हणतो, तेव्हा तो खरे म्हणजे "मावशी, येथे सही करा" असे म्हणत असतो. कागद मात्र त्याच्या हातात असतो आणि मावशींना तो दिसत नाही.

अशी सही महाराष्ट्राने पूर्वी पाहिली आहे. देशावरचे शेतकरी सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा उठवत असत. कागदात काय लिहिले आहे ते सावकाराला ठाऊक असे, शेतकऱ्याला नसे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावापासून दंगे सुरू झाले आणि लोकांनी कर्जरोखे शोधून शोधून जाळले. पुढे १८७९ साली सरकारने कायदा केला. शेतकऱ्याचा कर्जरोखा गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा अशी तरतूद त्यात होती. यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. शेतकऱ्याला "तू वाचायला शीक" एवढे सांगून भागले नाही. कागद लिहून घेणाऱ्यावरही बंधन घालावे लागले. पण नुसत्या कायद्यानेही भागले नाही. वाचायला शिकावेच लागले, आणि ते शिकवणारे पुढे यावे लागले.

आजही तसेच आहे. २०२३ साली देशात डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. माहिती कशासाठी हवी हे स्पष्ट सांगून संमती घ्यावी, १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी आईवडिलांची संमती घ्यावी, अशी बंधने त्यात आहेत. ती चांगली आहेत. पण वाडीवरच्या कातकरी बाईचा अंगठा यंत्रावर टेकवून तिच्या खात्यातून ५०० ऐवजी १५०० काढले गेले, तर त्या क्षणी तिच्या शेजारी कायदा उभा नसतो. शेजारी आपण असू शकतो.

येथे जबाबदारांचाही गोंधळ दिसतो. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या एका प्रादेशिक कार्यालयाने पत्रक काढले की आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे दिसतील अशी मास्क्ड प्रत द्या. दोन दिवसांत सरकारने ते पत्रक मागे घेतले, लोकांचा गैरसमज होईल म्हणून. ज्यांनी वर्षानुवर्षे जेथे मागेल तेथे झेरॉक्स दिली त्या साध्या माणसाने यातून काय समजायचे? म्हणून "त्यांनी काळजी घ्यायला हवी होती" असा ठपका फसलेल्या माणसावर ठेवण्याआधी आपण दहा वेळा विचार करावा.

खारेपाटाचा बांध

आता तो अवघड प्रश्न. सावधपणा शिकवताना आपण संशय तर शिकवत नाही ना?

पेणच्या खारेपाटात ज्यांची शेती आहे त्यांना याचे उत्तर आमच्याआधी सुचेल. खाडीलगतच्या भातशेतीला बाहेरून मातीचा बांध असतो. तो घातला म्हणजे खाडीशी वैर धरले असे कोणी म्हणत नाही. त्याच खाडीतून मासळी येते, त्याच खाडीतून पूर्वी होड्या ये-जा करीत. बांध असतो तो शेत शेत राहावे म्हणून. त्या बांधाला उघाडी असते. भरतीचे खारे पाणी दार दाबून मिटवते, आणि ओहोटीला आतले पावसाचे पाणी दार ढकलून बाहेर जाते. उघाडी कायम मिटलेली राहिली तर शेत आतल्याच पाण्याने कुजेल. कायम उघडी राहिली तर मीठ चढेल. बांधाचे सगळे शहाणपण त्या दारात आहे.

विश्वासाचेही असेच आहे. सगळ्यांवर सारखाच विश्वास ठेवणे हा विश्वास नव्हे. तो बांध नसलेला पाट आहे. कोणावरच विश्वास न ठेवणे म्हणजे मिटलेली उघाडी. विश्वास माणसावर ठेवायचा असतो, आवाजावर नव्हे. फोनवर येतो तो आवाज असतो. तो बँकेचा म्हणवतो, पोलिसांचा म्हणवतो, परदेशात अडकलेल्या भाच्याचा म्हणवतो. "मी तुम्हांला परत फोन करते" असे म्हणून फोन ठेवणे आणि बँकेच्या पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करणे, यात कोणाचा अपमान नाही. खऱ्या माणसाला याचा राग येत नाही. राग येतो, घाई होते, धमकी निघते, ती खोट्या माणसाकडून. प्रभूने आपल्या शिष्यांना जगात पाठवताना निष्कपट राहायला सांगितले आणि त्याच दमात चतुर राहायलाही सांगितले. या दोन गोष्टींत निवड करायला त्याने सांगितले नाही.

बांधाची आणखी एक गोष्ट आहे. बाहेरच्या बांधाला एकाच्या हद्दीत खांड पडली तरी खारे पाणी सगळ्यांच्या शेतात शिरते, आणि एकदा शिरले की जमीन दोन-तीन वर्षे भात धरत नाही. म्हणून पूर्वी गाव मिळून बांध राखत असे. मोबाइलही तसाच आहे. एखादे अनोळखी ॲप उघडताना आपण "सर्व नंबर पाहू देतो" असे बटण दाबतो, तेव्हा फक्त आपले दार उघडत नाही. आपल्याकडे विश्वासाने ठेवलेले २००-३०० माणसांचे नंबर आपण त्यांना न विचारता देऊन टाकतो. त्यांत आजारी माणसे असतात, नवऱ्यापासून दूर राहणारी एखादी भगिनी असते, एखादी एकटी म्हातारी असते. "माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही" हे उत्तर येथे संपते. आपल्याकडे लपवण्यासारखे काही नसेल, पण जपण्यासारखे दुसऱ्याचे पुष्कळ आहे.

खरे बोललो तरी पाप?

तेराव्या शतकातले संत थॉमस अक्विनस यांनी निंदेवर लिहिताना एक बारीक गोष्ट सांगितली आहे. खोटे बोलून कोणाचे नाव खराब करणे हे पाप आहेच, पण कोणाची खरी उणीव विनाकारण उघडी करणे हेही त्याच्या चांगल्या नावावरचा घाला आहे. आज आपल्या हातून हे किती सहज होते! दवाखान्यात खाटेवर पडलेल्या माणसाचा फोटो "प्रार्थना करा" असे लिहून ग्रुपवर जातो. हेतू चांगला असतो. पण सलाइन लावलेल्या, अर्धवट पांघरलेल्या त्या माणसाला कोणी विचारलेले नसते. धान्य वाटताना घेणाऱ्याच्या हातातली पिशवी आणि त्याचा खाली गेलेला चेहरा फोटोत येतो. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये ही शिकवण आपण जाणतो, पण येथे ते शंभर मोबाइलना कळते. दहावीत नापास झालेल्या मुलाचे नाव, मोडलेल्या लग्नाची बातमी, कोणाच्या तरी रिपोर्टचा फोटो : सगळे खरे असते, आणि सगळे दुसऱ्याचे असते.

१८९० साली अमेरिकेत वॉरन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर एक लेख लिहिला, तेव्हा झटपट फोटो काढणारे कॅमेरे आणि चटकदार बातम्यांची वर्तमानपत्रे नवी होती. त्यांना भीती वाटत होती ती मूठभर बातमीदारांची. आज प्रत्येकाच्या हातात कॅमेराही आहे आणि छापखानाही. म्हणून ही शिकवण केवळ स्वतःच्या रक्षणाची असून पुरणार नाही.

हेच घरातही लागू आहे. काही घरांत बायकोचा मोबाइल नवऱ्याच्या ताब्यात असतो, तिच्या बँकेचा नंबर त्याच्याच फोनला जोडलेला असतो, आणि याला प्रेम म्हणतात. पतीपत्नींमध्ये गुपिते असावीत असे आम्ही म्हणत नाही. पण आपण होऊन दाखवलेले पत्र आणि हिसकावून वाचलेले पत्र यांत फरक आहे. पहिल्याने विश्वास वाढतो, दुसऱ्याने फक्त माहिती मिळते. मुलांच्या बाबतीत आईवडिलांचे लक्ष हवेच, ते त्यांचे कर्तव्य आहे. पण लहान मुलीवरचे लक्ष आणि १७ वर्षांच्या मुलीवरचे लक्ष सारखे नसते. उघाडी हळूहळू तिच्या हाती द्यायची असते.

आमच्या दफ्तरालाही हा नियम आहे. स्नानसंस्कार, विवाह, मृत्यू यांच्या नोंदवह्या धर्मग्रामाने जपून ठेवाव्यात असा ख्रिस्तसभेचा कायदा आहे. त्या वह्यांतली माहिती आमची नाही. ती तुमची आहे आणि आमच्याकडे ठेव म्हणून आहे. कोणत्याही कार्यक्रमासाठी कोणी तुमच्याकडे आधारची झेरॉक्स किंवा मुलांचा फोटो मागितला, अगदी मंदिराच्या नावाने मागितला, तरी "कशासाठी हवा?" असे विचारण्याचा तुम्हांला हक्क आहे. तो तुम्ही जरूर बजावा.

शिकवायचे कसे?

भीती घालून शिकवू नये. भ्यालेला माणूस विचार करीत नाही, आणि फसवणाराही भीतीच घालत असतो. २०२४ साली 'डिजिटल अटक' हा प्रकार देशभर गाजला. पोलिसांच्या वेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, तुमच्या नावाने गुन्हा आहे म्हणतो आणि तासन्‌तास फोन ठेवू देत नाही. पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात' या कार्यक्रमात सांगावे लागले की कायद्यात अशी अटक नसतेच. त्यात शिकलेली, सुस्थितीतली माणसेही सापडली. ती मूर्ख नव्हती. ती घाबरलेली आणि एकटी होती. म्हणून आमचा भर दोन गोष्टींवर आहे : थांबणे आणि कोणाला तरी विचारणे.

थोड्या सवयी लावून घ्याव्यात. ओटीपी आणि पिन कोणालाही सांगू नये. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहून सही करावी. शक्य तेथे मास्क्ड आधार द्यावे. अंगठा लावून पैसे काढल्यावर पावती घ्यावी आणि आकडा कोणाकडून तरी वाचून घ्यावा. नेहमी गरज नसेल तर आधारवरील बोटांचे ठसे कुलूपबंद करून ठेवता येतात. १९४७ या क्रमांकावर आधारची माहिती मिळते. सरकारी योजनेचा अर्ज व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून भरू नये. दुसऱ्याचा फोटो पुढे पाठवण्याआधी त्याला विचारावे.

हे सगळे व्याख्यानातून समजत नाही. मोबाइल हातात घेऊन, एकाने एकाला, सावकाश, त्याच्या बोलीत सांगावे लागते. आपल्या युवक-युवतींना हे येते. त्यांनी आजीच्या हातून फोन घेऊन "दे, मी करतो" म्हणत पटकन काम उरकू नये. फोन आजीच्याच हातात राहू द्यावा. तिचे बोट चुकले तर चुकू द्यावे. काम उरकून दिले की आजी पुढच्या वेळी पुन्हा कोणाच्या तरी हाती फोन देते, आणि तो कोणी नेहमी नातूच असतो असे नाही.

आणि कोणी फसलेच, तर पहिला शब्द रागाचा नसावा. "तुला किती वेळा सांगितले होते!" या एका वाक्याने माणूस गप्प होतो, आणि गप्प राहिलेल्या तासांत पैसे हातातून पुढे निघून जातात. १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर फोन जाईल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. २०१० साली पेण अर्बन बँक कोसळली तेव्हा या तालुक्याने पाहिले आहे की विश्वासाने ठेवलेली ठेव बुडाली की माणसाचे नुसते पैसे जात नाहीत. तेव्हा ठेवीदारांना कोणी मूर्ख म्हटले नाही. आज ओटीपी सांगून बसलेल्या बाईलाही म्हणू नये. चोरी चोराने केलेली असते.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर थोडा वेळ थांबावे अशी विनंती आहे. ज्यांना मोबाइलची भीती वाटते त्यांनी आपला मोबाइल घेऊन यावे, आणि ज्यांना तो चांगला येतो त्यांनी फक्त धीर घेऊन यावे. शेजारी बसून एकमेकांच्या बांधाकडे आपण एकदा नीट पाहू या.

प्रभू आपणां सर्वांना सांभाळो.

आपला,
धर्मगुरू